व्हॉल्व्ह कधी बदलायचा, कधी नाही

 

आजचा विषय आहे जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं, की माळ्यावरून नाहीतर कोठीच्या मागून तो खाली येतो. लाकडी पेटी, पुढे कापडाची जाळी, काचेच्या पट्टीवर गावांची नावं. मग घरात दोन मतं पडतात. कुणी म्हणतं, भंगारवाल्याला देऊन टाका. कुणी म्हणतं, सासऱ्यांची आठवण आहे, दुरुस्त करू. दुरुस्तीला नेला की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य कानावर येतं, "याचे सगळे व्हॉल्व्ह गेले. सगळे बदलावे लागतील."

हे वाक्य कधी खरं असतं, पुष्कळदा नसतं. खरं कधी आणि खोटं कधी, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. घरातली कुठलीही मशीन दुरुस्तीला गेली की तिची बोलणी दुसरेच करतात आणि पैसे मात्र आपल्या डब्यातले जातात. रेडिओ स्वतः उघडून दुरुस्त करा, असं आम्ही सांगणार नाही. आत जिवावर बेतेल एवढी वीज असते. पण काय विचारायचं आणि उत्तर कसं तोलायचं, एवढं आपण नक्की शिकू शकतो.

व्हॉल्व्ह म्हणजे काय

आपल्या भागात 'व्हॉल्व्ह' म्हटलं की आधी ठिबक आठवतं. केळीच्या बागेत मोटार चालू असते, पाण्याला जोर असतो, पण कुठल्या ओळीला किती पाणी जायचं ते व्हॉल्व्ह ठरवतो. हाताने थोडंसं फिरवलं, की एवढ्या मोठ्या पाण्याचा प्रवाह कमीजास्त होतो. रेडिओतला व्हॉल्व्ह हेच काम विजेसाठी करतो, म्हणून त्याला हे नाव. शाळेच्या पुस्तकात त्याला 'निर्वात नळी' म्हणतात.

तो दिसतो काचेच्या छोट्या बाटलीसारखा. आतली हवा पूर्ण काढून घेतलेली असते. मधे एक बारीक तार तापते, तिला हीटर म्हणतात. तिच्या भोवती एक नळी असते, ती कॅथोड. कॅथोडवर एका खास पदार्थाचा पातळ थर दिलेला असतो. थर तापला, की त्यातून विजेचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. समोरची धातूची प्लेट त्यांना ओढून घेते. दोघांच्या मधे तारेची बारीक जाळी असते. एरियलवरून आलेला अगदी अशक्त सिग्नल या जाळीवर पोचतो आणि प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह आपल्या तालावर कमीजास्त करतो. नाजूक आवाज मोठा होतो तो असा.

दोन टोकांचा पहिला व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली केला. मधली जाळी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली घातली. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे व्हॉल्व्ह हळूहळू मागे पडले. पण आपल्याकडे मुंबई केंद्र १९२७ साली सुरू झालं, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं घराघरातला रेडिओ व्हॉल्व्हवरच चालला. सिलोनवर १९५२ पासून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. १९५७ साली विविध भारती आली. हे सगळं लोकांनी ऐकलं ते बव्हंशी अशाच पेट्यांवर. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात साठच्या दशकात व्हॉल्व्ह तयार व्हायचे. जुन्या व्हॉल्व्हच्या काचेवर 'बीईएल' अशी इंग्रजी अक्षरं दिसली, तर तो आपल्याच देशातला. रेडिओ ठेवायला तेव्हा लायसन्स लागायचं. पोस्टात दरवर्षी फी भरावी लागायची. पेटीत जुनी लायसन्सची पुस्तिका सापडली तर फेकू नका, तेवढाच घराचा इतिहास.

पेटीतले पाच-सहा गडी

घरगुती रेडिओत बहुधा पाच व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाचं काम वेगळं आणि आयुष्यही वेगळं. म्हणून 'सगळे एकदम गेले' हे पटकन पटण्यासारखं नाही. एका घरातली पाचही माणसं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत, पडली तर आपण आधी विहिरीच्या पाण्यावर संशय घेतो. इथेही तसंच आहे.

पहिला व्हॉल्व्ह स्टेशन पकडतो. त्याच्यावर बहुधा ईसीएच ८१ असा नंबर असतो. दुसरा, ईएफ ८९, पकडलेला सिग्नल मोठा करतो. तिसरा, ईबीसी ८१, त्यातून गाणं-बोलणं वेगळं काढतो. चौथा, ईएल ८४, आवाजाला जोर देऊन स्पीकर हलवतो. पाचवा, ईझेड ८०, घरातली उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळवतो. काही पेट्यांना पुढे हिरवा डोळा असतो. स्टेशन नीट लागलं, की त्याची हिरवी पात मिटते किंवा पसरते. तोही एक व्हॉल्व्हच. तुमच्या पेटीतले नंबर थोडे वेगळे असतील, पण कामांची वाटणी साधारण हीच.

यातला चौथा सगळ्यात जास्त राबतो आणि सगळ्यात जास्त तापतो, म्हणून तो लवकर थकतो. त्याचं आयुष्य साधारण काही हजार तासांचं धरतात. पाचवाही बराच राबतो. पहिले तीन हलक्या कामाचे. ते नीट वापरले तर दहा हजार तास आणि त्याहून जास्तही चालतात. आता हिशेब करा. रोज दोन तास रेडिओ लावला तर वर्षाला ७३० तास होतात. दहा हजार तास व्हायला तेरा-चौदा वर्षं लागतील. माळ्यावर पडून राहिलेली वर्षं यात धरायची नाहीत. बंद पेटीत व्हॉल्व्ह झिजत नाही. तेव्हा 'पन्नास वर्षं जुना आहे, म्हणजे बदलायलाच पाहिजे' हे कारण पुरेसं नाही. व्हॉल्व्ह वय बघून बदलू नका, लक्षण बघून बदला.

बदलायलाच पाहिजे, अशी लक्षणं

पहिलं लक्षण काचेवर दिसतं. व्हॉल्व्हच्या टोकाला काचेच्या आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो दोष नव्हे. आत उरलेली थोडी हवा शोषून घ्यायला कारखान्यातच तो थर दिलेला असतो. तो चंदेरी, काळपट, तपकिरी कसाही असला तरी चालतो. पण तोच डाग दुधासारखा पांढरा झाला, तर काचेला कुठेतरी चीर गेली आणि आत हवा शिरली. असा व्हॉल्व्ह संपला. यात दुसरं मत घ्यायची गरज नाही.

दुसरं लक्षण, हीटर पेटतच नाही. पेटी चालू करून पाच मिनिटं झाली, बाकीचे व्हॉल्व्ह लालसर दिसतात आणि एकच काळा आणि गार आहे. कारागीर मीटर लावून त्याची तार तुटली का ते एका मिनिटात सांगतो. तुटली असेल तर बदलायचा. तार शाबूत असेल, तर दोष बैठकीत म्हणजे सॉकेटमध्ये आहे, ते साफ करून भागतं.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. काही पेट्यांत सगळे हीटर एकामागे एक जोडलेले असतात, आपल्या दिवाळीच्या लायटिंगच्या माळेसारखे. माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझते, तसा एक व्हॉल्व्ह गेला की पाचही काळे पडतात. अशा वेळी 'सगळे गेले' असं वाटतं, आणि गेलेला असतो एकच.

तिसरं लक्षण, व्हॉल्व्हच्या आत दोन भागांच्या मधे गुलाबी-जांभळं धुकं दिसतं. म्हणजे आत वायू झाला. तो बदलायचा. पण काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेला निळसर उजेड दिसला, तर घाबरू नका. जोरात चालणाऱ्या व्हॉल्व्हला तो असतो, त्याने बिघडत काही नाही.

चौथं लक्षण हळूहळू येतं. पूर्वी अर्ध्या मिनिटात आवाज यायचा, आता दोन-तीन मिनिटं लागतात. आवाज पूर्ण मोठा केला तरी दबलेला येतो, फाटतो. किंवा मीडियम वेव्हची स्टेशनं लागतात आणि शॉर्ट वेव्हची लागत नाहीत. म्हणजे कॅथोडवरचा थर झिजत आला. दबलेल्या, फाटक्या आवाजात संशय चौथ्यावर घ्यायचा आणि शॉर्ट वेव्ह गेली तर पहिल्यावर. थर झिजला तरी हीटर लालच दिसतो, म्हणून 'दिवा लागतोय, म्हणजे व्हॉल्व्ह चांगला' हेही खरं नाही. याची खात्री बघून होत नाही. त्याच नंबरचा चांगला व्हॉल्व्ह लावून बघायचा. फरक पडला, तर जुना थकला होता. फरक पडला नाही, तर जुना परत त्याच्या जागी.

दिसतं व्हॉल्व्हचं, दुखणं भलतंच

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. पैसे जातात ते इथे.

पेटी सतत 'घूं' करते, गाण्याच्या मागे भुंगा असल्यासारखा आवाज येतो. यात बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा असतो. वीज गाळून शांत करणारे मोठे कंडेन्सर जुने झाले, आतून वाळले, की पेटी घुमायला लागते. सगळे व्हॉल्व्ह नवे घातले तरी ते घुमणं जात नाही.

मधूनच खरखर येते, पेटीवर थाप मारली की थांबते. आधी व्हॉल्व्हच्या पिना आणि सॉकेट साफ करायला सांगा. आवाजाचं बटण फिरवतानाच खरखर येत असेल, तर त्या बटणाच्या आत धूळ आहे. व्हॉल्व्हवर लाकडी पेन्सिलीने अगदी हळू टिचकी मारली आणि स्पीकरमधून घंटेसारखा आवाज घुमला, तर मात्र तो व्हॉल्व्ह आतून सैल झाला. ही टिचकी कारागिरानेच मारायची.

आणि एक लक्षण असं, की ते दिसताच पेटी बंद करून भिंतीतला प्लग काढायचा. व्हॉल्व्हच्या मधली प्लेट, जी एरवी करडी-काळी असते, ती तापलेल्या तव्यासारखी लाल होते. बघणाऱ्याला वाटतं, व्हॉल्व्ह जळतोय, बदलला की झालं. पण बहुतेक वेळा त्याच्या शेजारचा एक छोटा कंडेन्सर गळत असतो आणि तो व्हॉल्व्हला नको तेवढा प्रवाह ओढायला लावतो. कंडेन्सर तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह घातला, तर तोही लाल होऊन जातो.

आमच्या एका गटात असंच झालं. एका ताईंच्या सासूबाईंना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. टीव्हीचा त्यांना उपयोग नाही. त्यांना आपला जुना रेडिओ हवा होता. ताईंनी पेटी तालुक्याला दुरुस्तीला दिली. सहाही व्हॉल्व्ह बदलायचे, खर्च पाच हजार दोनशे, असं सांगितलं गेलं. ताईंनी गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "अगं माय, सहाच्या सहा? आणि गेले ते कशाने, ते नाही का सांगितलं?" प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आम्ही ठरवलं, कर्ज पुढच्या बैठकीत बघू, आधी दुसऱ्याला दाखवू.

जळगावला एका वयस्कर कारागिराकडे पेटी नेली. त्यांनी आधी एकही व्हॉल्व्ह काढला नाही. धूळ झटकली, उंदराने कुरतडलेली वायर बदलली, मग पेटी सिरीज बोर्डवर लावली. चौथ्या व्हॉल्व्हची प्लेट लाल व्हायला लागली, तशी लगेच बंद केली. छोटा कंडेन्सर गळत होता, मोठे दोन वाळलेले होते. ते बदलले आणि लाल होऊन होऊन थकलेला तो एक व्हॉल्व्ह बदलला. बाकीचे पाच तपासून परत तिथेच बसवले. अकराशे रुपयांत काम झालं. गटाचं कर्ज लागलंच नाही. पहिल्या ठिकाणी सहा व्हॉल्व्ह घातले असते आणि कंडेन्सर तसेच राहिले असते, तर पाच हजार गेले असते आणि महिन्याभरात पेटी पुन्हा बंद पडली असती.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, 'काय गेलं' याच्या आधी 'कशाने गेलं' ते विचारा. हे रेडिओपुरतं नाही. मोटारीलाही हेच आणि शिलाई मशीनलाही.

दुरुस्तीला नेताना विचारायचे प्रश्न

एक, "सिरीज बोर्डवर लावून बघाल का?" वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी थेट भिंतीतल्या प्लगात घालायची नसते. कारागीर मधे तारेचा जुना पिवळा बल्ब जोडतात. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब भगभगून पेटतो आणि पेटी वाचते. सगळं ठीक असेल, तर बल्ब आधी उजळून मग मंद होतो. हा प्रश्न विचारला, की समोरच्यालाही कळतं, बाईला काहीतरी माहिती आहे.

दोन, "कुठला व्हॉल्व्ह गेला आणि कशावरून कळलं?" नंबर कागदावर लिहून मागा.

तीन, "कंडेन्सर तपासले का?"

चार, "काढलेला व्हॉल्व्ह मला परत द्याल ना?" तो आपला आहे. खरंच गेला असेल तरी परत घ्या. आणि चांगला असूनही काढला असेल, तर तो आपला सुटा साठा.

पाच, "नवा घातलेला किती दिवसांत गेला तर बदलून द्याल?" हे बिलावर लिहून घ्या.

दुकानात देण्याआधी पेटीच्या मागच्या झाकणावर चिकटवलेला कागद आणि व्हॉल्व्हवरचे नंबर दिसतील तेवढे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. काचेवरचे नंबर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. ती छपाई बोटाच्या घासण्यानेही निघते आणि नंबर गेला, की कोणता व्हॉल्व्ह आहे ते ओळखता येत नाही.

नवे व्हॉल्व्ह मिळतात का, असं तुम्ही विचाराल. स्पीकर हलवणारे, ईएल ८४ सारखे, आजही रशिया, चीन, स्लोव्हाकिया इथे तयार होतात, कारण जगभर गिटारच्या अँप्लिफायरना ते लागतात. स्टेशन पकडणारे मात्र बहुतेक जुन्या साठ्यातलेच मिळतात. म्हणून पहिल्या तिघांपैकी एखादा उगाच काढून टाकला, तर तसा दुसरा मिळायला त्रास होतो. हिरवा डोळा मंद झाला असेल, तर तसाच राहू द्या. तो फक्त स्टेशन दाखवतो, त्याच्यावाचून पेटी तशीच वाजते.

जिवाची काळजी आधी

मैत्रिणींनो, आता ऐका ते नीट लक्षात ठेवा.

पेटीच्या आत दोनशे व्होल्टच्या वर वीज असते. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ती साठून राहते. म्हणून मागचं झाकण काढून आत हात घालायचा नाही, मुलांना तर मुळीच घालू द्यायचा नाही.

काही पेट्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांच्या व्हॉल्व्हचे नंबर इंग्रजी 'यू' अक्षराने सुरू होतात, यूसीएच ८१, यूएल ८४ असे. अशा पेटीच्या आतल्या लोखंडी पत्र्यात थेट मेनची वीज उतरू शकते. पुढचं बटण निखळून पडलं असेल आणि उघड्या दांडीला ओला हात लागला, तर झटका बसतो. अशा पेटीची बटणं, मागचं झाकण, सगळं जागेवर असल्याशिवाय ती लावू नका. तिला मोबाईल किंवा बाहेरचा स्पीकर वायरने जोडायचा प्रयत्नही करू नका.

वीज येण्याआधी खेड्यात बॅटरीवरच्या व्हॉल्व्हच्या पेट्या होत्या. त्यांचे नंबर इंग्रजी 'डी' ने सुरू होतात. त्यांचे हीटर दीड व्होल्टच्या आसपास चालतात. हौसेने कुणी वायर लावून भिंतीतल्या प्लगला जोडलं, तर क्षणात सगळे जळतात आणि माणसालाही धोका. ती पेटी जाणकाराकडेच द्यायची.

भजनी मंडळाकडे जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल, तर आणखी दोन गोष्टी. भोंगा किंवा स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि त्याच्या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी असते. एक थकला, तर बैलजोडीसारखं बघावं लागतं. दोन्ही सारख्या ताकदीचे लागतात, म्हणून तिथे जोडी बदलणं योग्य. कारागीर 'दोन्ही बदला' म्हणाला, तर तिथे तो फसवत नाही.

आयुष्य वाढवायचं कसं

आपण रेडिओवर हाताने विणलेलं कव्हर घालतो, वर गणपती नाहीतर फुलदाणी ठेवतो. दिसायला छान. पण पेटी चालू असताना कव्हर काढून ठेवा. मागच्या झाकणाची भोकं गरम हवा बाहेर जायला असतात. खानदेशातला मे महिना, पत्र्याचं घर, त्यात भिंतीला चिकटवलेली पेटी, म्हणजे व्हॉल्व्हचे हाल. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

गावात व्होल्टेज एकसारखं नसतं. शेतातल्या मोटारी चालू असताना ते पडतं, बंद झाल्या की चढतं. जास्त व्होल्टेजवर हीटर लवकर जातात. पुष्कळ पेट्यांच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. ती कारागिराकडून सगळ्यात वरच्या आकड्यावर, म्हणजे बहुधा २४० वर लावून घ्या. पाच मिनिटांत चार वेळा चालू-बंद करू नका, गार हीटरला प्रत्येक वेळी धक्का बसतो. आणि कुणी ऐकत नसेल तर दिवसभर लावूनही ठेवू नका. अशी पेटी साधारण पन्नास वॅट घेते, म्हणजे वीस तासांना एक युनिट.

पैसे घालण्याआधी एक परीक्षा

शेवटी एक खरी गोष्ट सांगतो. आमचा हा कार्यक्रम तुम्हाला त्या पेटीवर ऐकू येणार नाही. आपला सामुदायिक रेडिओ एफएमवर आहे आणि त्या काळच्या बहुतेक पेट्यांवर फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह असते. मीडियम वेव्हवरची काही केंद्रंही आता एफएमवर गेली आहेत. म्हणून दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी शेजारून मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर आणा. आपल्या घरात, सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळी लावून बघा. काय लागतं, किती स्वच्छ लागतं, ते ऐका. रात्री लांबची केंद्रं जास्त येतात. ज्याला ऐकायचं आहे, त्या सासूबाईंना, त्या आजोबांना शेजारी बसवा. त्यांना हवं ते लागत असेल, तर पेटीवर पैसे घाला. काहीच लागत नसेल, तर पेटी पुसून आठवण म्हणून ठेवा, आणि ऐकायला एफएमचा छोटा रेडिओ घ्या. यात हरल्यासारखं काही नाही.

आणि विकायची वेळ आलीच, तर भंगाराच्या काट्यावर घालू नका. वजनाने तिचे काहीच येत नाहीत, पण आतला एक चांगला व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाची बंद पेटी चालू करू शकतो. जुन्या रेडिओची दुरुस्ती करणाऱ्याला आधी दाखवा, दोन ठिकाणी भाव विचारा. फुटलेले व्हॉल्व्ह मुलांच्या हाती देऊ नका, काचही लागते आणि आतले पदार्थही चांगले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळे ठेवा.

तर आजचं सगळं थोडक्यात. डाग पांढरा झाला, हीटर तुटला, आत जांभळं धुकं आलं, किंवा चांगला व्हॉल्व्ह लावल्यावर फरक पडला, तरच तो व्हॉल्व्ह बदला. घुमणं आणि खरखर यासाठी आधी दुसरीकडे बघायला सांगा. प्लेट लाल झाली तर आधी प्लग काढा, मग कारण शोधायला सांगा. आणि 'सगळे गेले' असं कुणी म्हणालं, तर आमच्या त्या मावशींसारखं शांतपणे विचारा, गेले ते कशाने?

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. नेरीची असो, पहूरची असो, शेंदुर्णीची असो, जिच्या घरी अशी पेटी आहे तिने व्हॉल्व्हचे नंबर लिहून आणावेत. तालुक्यात कुणाकडे कोणता सुटा व्हॉल्व्ह पडून आहे याची एक यादी झाली, तर एकीच्या माळ्यावरची वस्तू दुसरीच्या घरात वाजेल. यादी आम्ही ठेवू. भेटू पुढच्या भागात. रामराम.